काऊन

सक्करदऱ्याला, तलावापासून दोन गल्ल्या आत,
माझी टंकलेखनाची संस्था होती. बारा मशिनी.
कूलरच्या घरघरीवर त्यांची टकटक चढायची
नि मी हातात लाल पेन घेऊन
ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागलेली.
पोरं म्हणायची, मॅडमले वेलांटीचा ताप येते.

मशिनी भंगारात गेल्या. आता फोन आहे.
फोनात धकाते रोज पहाटे पाचला
गुलाब पाठवतात, गुलाबावर दव,
दवावर सुविचार, सुविचारात ‘आयुश्य’.
मी त्या श कडे बघते.
तो शेंडी ताठ करून माझ्याकडे बघतो.

उमेश निनावे, माझाच विद्यार्थी,
जिल्हा परिषदेत साहेब झाला,
दोन शब्दांत सात-सात टिंबं सांडते:
नमस्कार.......मॅडम.......तब्येत.......
जशी पिशवीला भोक पडून
पोह्याची तर्री दुकानापासून घरापर्यंत गळावी.

पराते वहिनी गेल्या तेव्हा
‘भावपूर्ण’ लिहायला कुणाला वेळ नव्हता.
भापूश्र. भापूश्र. भापूश्र.
एकानं तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला
पिवळा चेहरा टाकला.
त्याला तो रडताना दिसला.
खरं सांगते, वहिनींना तो आवडला असता.

पण लेकीसारखं कुणी छळलं नाही.
‘ठीक आहे’ची चार अक्षरं तिला जड होतात.
पोळ्या गरम करून खा. के.
मावशीला फोन कर. के.
दारातली गाय हाकलतानाही माणूस
याहून जास्त बोलते.

वर तीच मला म्हणते,
आई, तू वाक्याच्या शेवटी टिंब देते न,
ते भांडल्यासारखं वाटते.
पूर्णविराम! भांडल्यासारखा!
सत्तावीस वर्षं मी मार्क कापले
तेवढा एक ठिपका विसरला म्हणून.

मे महिना. शेहेचाळीस अंश.
बुधवारी बाजारात भेंडी निवडता निवडता
डोळ्यांपुढं काळं आलं. कुणीतरी मेडिकलला नेलं.
रात्री घरी येऊन तिला लिहिलं, जोडाक्षरासकट नीट:
आज मेडिकलमध्ये होते. आता बरी आहे.
हैदराबादहून चार रोमन अक्षरं आली.
के, ए, यू, एन.
मी वाचलं, कौन.

कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंप कोरडाच ओरडत होता.
उठून पाइप लावावा, तेही सुचलं नाही.
कौन. आईला. तेही हिंदीत.
बोटं लिहायला लागली,
मी सुलोचना रामटेके, तुला नऊ महिने

तेवढ्यात खाली आणखी एक आलं.
तीच अक्षरं, फक्त यू सहा वेळा.
आणि मला ते ऐकू आलं.
काऊन.
काऊन गं आई, काय झालं.

हा माझ्या आईचा शब्द. उमरेडच्या घरातला,
चुलीपासून अंगणापर्यंत ऐकू जाणारा.
संस्थेच्या फळ्यावरून मी तो पुसायची.
‘काऊन’ नाही, ‘का’ लिहा,
पेपर तपासणारा पुण्याचा असते.
लेकीच्या निबंधातून दोनदा काढला,
लाल शाईनं, कागद फाटेपर्यंत.
इतकी वर्षं कुठं राहिला हा?
ना काना, ना ऊकार,
दुसऱ्याचे कपडे घालून
रात्री साडेअकराला दार वाजवते.

मी लिहिलं, ऊन लागलं गं
टिंब दिलं नाही.
पाच मिनिटं उशाशी फोन ठेवून पडले.
वाक्य उघडंच पडलेलं, पांघरूण सरकलेल्या लेकरासारखं.
राहवलं नाही.
नुसतं टिंब पाठवलं, एकटं.

लगेच फोन वाजला.
आई, रागावली काऊन?